छापील चित्रात रंग भरणारी पिढी आपल्याला हवी आहे काय?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या नाशिकच्या एका वस्तीतली धुणीभांडी करणारी एक माउली प्रतिज्ञापत्र करून घेण्यासाठी माझ्याकडे आली होती. सोबत पाच वर्षांचा मुलगा. कागदपत्रे काढताना तिच्या पिशवीतून एक चुरगळलेला कागद खाली पडला. मी तो उचलून पाहिला. त्यावर मेणखडूने काढलेले एक घर होते. पत्र्याचे छप्पर, पत्रा उडू नये म्हणून वर ठेवलेले दगड, घरात तीन भांडी आणि प्रत्येक भांड्यात वरून पडणाऱ्या निळ्या रेघा. घराबाहेर मोठ्या डोक्याचा एक माणूस आणि त्याच्या हातात त्याच्याहूनही उंच झाडू. या सगळ्यावर लाल शाईची एक तिरपी फुली.

मी विचारले तेव्हा माउली म्हणाली, "दादा, याला बालवर्गात आपलं घर काढायला सांगितलं होतं. बाई म्हणल्या, असलं घाणेरडं घर काढतात का? मग त्यांनी छापील कागद दिला आणि रंगवून आणायला सांगितलं." त्या छापील कागदावर काय होते हे सांगायची गरज नाही. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, नदीकाठी कौलारू घर आणि शेजारी नारळाचे झाड. पोराने ते रेघेबाहेर न जाता रंगवले आणि त्याला 'छान' असा शेरा मिळाला.

वाचकहो, या प्रसंगात नेमके काय घडले? कोणी त्या मुलाला शिवी दिली नाही, कोणी त्याची जात विचारली नाही. ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवावा असे यात काहीही नाही. त्या बाईंच्या मनात काही वाईट होते असेही मी म्हणणार नाही. त्यांनाही कधीकाळी तेच दोन डोंगर गिरवायला लावले असतील. पण पाच वर्षांच्या त्या जिवाला शाळेने पहिला धडा दिला तो असा की, तुझे घर चित्रात काढण्याच्या लायकीचे नाही, तुझ्या बापाच्या हातातला झाडू कागदावर यायला नको, आणि तुझ्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीपेक्षा दुसऱ्याने छापून दिलेली गोष्ट जास्त खरी आहे. गळके घर पाहून त्याने तीन भांडी मोजून काढली होती. ते त्याचे निरीक्षण होते, त्याचे गणित होते आणि त्याची तक्रारही होती. त्या तिन्हींवर एकाच वेळी फुली पडली. पुढे हाच मुलगा मोठा होऊन अन्याय दिसत असूनही बोलत नाही, म्हणून आपण त्याला दोष देणार. तोवर फार उशीर झालेला असेल.

लहान मूल चित्र काढते म्हणजे काय करते हे आपण कधी बसून पाहतच नाही. दोन वर्षांचे मूल हातात खडू मिळताच रेघोट्या मारते. आपल्या हाताच्या हालचालीची खूण मागे राहते, याचाच त्याला आनंद असतो. तिसऱ्या वर्षाच्या आसपास रेघ फिरून परत स्वतःला मिळते आणि गोल तयार होतो. मग त्या गोलाला डोळे येतात आणि थेट डोक्यालाच हातपाय फुटतात. मोठी माणसे हसतात, पण तो त्याने स्वतः घडवलेला पहिला माणूस असतो. पाच-सहा वर्षांचे मूल कागदाच्या खालच्या बाजूला जमिनीची रेघ ओढते आणि वर आभाळ काढते. जे त्याला महत्त्वाचे वाटते ते मोठे काढते. झाडू बापापेक्षा उंच का होता, याचे उत्तर इथे आहे. ही वाट ज्याची त्याने चालायची असते. तयार चित्र पुढे टाकले की मूल चालायचे थांबते आणि दुसऱ्याच्या रेघेत रंग भरायला बसते.

आणि वर्षभर नेमके हेच चालते. बहुतेक बालवर्गांतील कलेचा तास म्हणजे सणांचे कॅलेंडर असते. गणपतीत गणपती, दिवाळीत आकाशकंदील, नाताळात सांता, सगळे साच्यातले. अर्धे काम बाई करतात, उरलेले घरी आई करते आणि ते मुलाच्या नावाने भिंतीवर लागते. कोणत्याही धर्माच्या सणाला माझा विरोध नाही. प्रश्न एवढाच आहे की यात मुलाने स्वतः काय पाहिले, काय निवडले, काय सांगितले? तीस मुलांची तीस चित्रे एकसारखी निघत असतील तर त्या वर्गात कला शिकवली जात नाही, कवायत शिकवली जाते. ज्या व्यवस्थेने हजारो वर्षे आम्हाला 'सांगितले तेवढेच करा, आखून दिलेल्या रेघेबाहेर जाऊ नका' असे बजावले, तिच्याशी लढणाऱ्यांनी आपल्याच मुलांच्या हाती रेघेत राहण्याची वही द्यावी, हे योग्य आहे काय?

कोणी म्हणेल, वकीलसाहेब, रोजगार नाही, शिष्यवृत्त्या अडकल्या आहेत, आणि तुम्ही रंगपेटीचे काय घेऊन बसलात? त्या माउलीनेही मला तेच विचारले. "दादा, चित्रं काढून का पोट भरतं? त्यापरीस ए बी सी डी आली तर बरं." तिचा प्रश्न खरा आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. तिला मी जे सांगितले तेच इथे सांगतो. ए बी सी डी काढायला बोटांत जी ताकद आणि जो ताबा लागतो, तो माती मळून, कागद फाडून, मोठ्या रेघा ओढूनच येतो. बोटे तयार होण्याआधी पेन्सिल हाती दिली की अक्षर वाकडे येते, मार बसतो आणि शाळेची भीती बसते. शिवाय मूल आधी चित्राबद्दल बोलायला शिकते, मग लिहायला. पंचवीस टक्के राखीव जागांतून आपली मुले पहिलीत मोठ्या खाजगी शाळेत जातात, तेव्हा शेजारी बसलेल्या मुलाने आधीची तीन वर्षे माती, कात्री, रंग, गोष्टी यांत घालवलेली असतात. आपल्या मुलाने ती तीन वर्षे पाटीवर एकच अक्षर गिरवलेले असते, नाहीतर नुसती खिचडी खाल्लेली असते. मागे पडण्याची सुरुवात इथे होते आणि नंतर तिला 'गुणवत्ता नाही' असे नाव दिले जाते. पुढे शासकीय रेखाकला परीक्षा देणाऱ्या मुलांना दहावीला वाढीव गुण मिळतात. तेही कोणाच्या पदरात पडतात, ते आपापल्या शाळेत पाहून घ्या.

आता कायद्याचे बोलतो. मूळ संविधानाच्या कलम ४५ मध्ये चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे म्हटले होते. चौदा वर्षांपर्यंत म्हणजे त्यात तीन, चार, पाच वर्षांचे मूलही आले. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा तिथे फक्त 'प्राथमिक शिक्षण' असे शब्द घालावेत अशी सूचना पुढे आली होती. बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. चौदा वर्षांखालील मुलाला कामाला जुंपायचे नाही, तर त्याला शिक्षणात गुंतवलेच पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. पुढे २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने काय केले? सहा ते चौदा वयाला कलम २१-अ खाली मूलभूत हक्क दिला, आणि सहा वर्षांखालच्या मुलांना कलम ४५ मध्ये ठेवून त्यांच्यासाठी राज्याने 'प्रयत्न करावा' एवढेच म्हटले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम ११ तीन ते सहा वयाच्या पूर्वशिक्षणाची व्यवस्था शासन करू शकेल असे म्हणते. केलीच पाहिजे असे म्हणत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मान्य केला. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे, त्यावर न्यायालयात दाद मागता येत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ चा. भारताने तो ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारला. त्याच्या कलम १३ मध्ये मुलाला अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे. बोलून, लिहून, छापून आणि कलेच्या रूपातही. कलम ३१ मध्ये खेळण्याचा आणि कलेत भाग घेण्याचा हक्क आहे. म्हणजे त्या पत्र्याच्या घरावर पडलेली लाल फुली ही नुसती शिस्तीची बाब नाही. अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य आम्ही मोठ्यांसाठी मागतो. ते पाच वर्षांच्या मुलालाही आहे.

हे सगळे श्रीमंतांच्या शाळांनाच जमते असे कोणी म्हणत असेल तर त्याने कोसबाडचा इतिहास पाहावा. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी इथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ यांनी ते १९९२ मध्ये आपल्या निधनापर्यंत चालवले. आदिवासी पाड्यातली मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच पाड्याच्या अंगणात नेली, त्यातूनच 'अंगणवाडी' ही कल्पना रुजली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. महागडी परदेशी साधने परवडणारी नव्हती, म्हणून पाने, बिया, शिंपले, खडे, माती हीच साधने झाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. दुर्दैव असे की नाव गेले, आहाराचे वजनकाटे गेले, पण पाने आणि माती मात्र मागे राहिली.

त्याच डहाणू तालुक्यात वारली स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर लग्नाचा चौक लिहिला. तिथल्याच जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणून जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. कुडाच्या भिंतीवरची, स्वतःच्या जगण्याची चित्रे जगाने डोक्यावर घेतली. मग आमच्या पत्र्याच्या घराने काय पाप केले? आज शहरातल्या मोठ्या शाळांत वारली चित्राचेही छापील कागद रंगवायला मिळतात, आणि सुरगाणा-पेठच्या पाड्यावरील वारली पोराला शाळेत नारळाचे झाड गिरवावे लागते, हा केवढा विरोधाभास!

इटलीतले रेज्जो एमिलिया हे शहर बालशिक्षणासाठी जगात ओळखले जाते. तिथे बालवाडीत कलेसाठी वेगळी खोली आणि वेगळा कलाशिक्षक असतो. याची सुरुवात कोणा शेठजीने केली नाही. १९४५ मध्ये महायुद्ध संपताच तिथल्या एका खेड्यातील कष्टकऱ्यांनी, जर्मन फौजा मागे टाकून गेलेला रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून आलेल्या पैशांत स्वतःच्या हातांनी बालवाडी बांधली. लोरिस मालागुत्सी नावाचा तरुण शिक्षक ते काम पाहायला गेला आणि आयुष्यभर त्या कामाचा होऊन राहिला. आपल्याकडे रणगाडे नाहीत, पण वस्तीवस्तीत बुद्ध विहारे आहेत आणि ती सकाळी कुलूपबंद असतात.

मग वर्षभर करायचे काय? आमच्या वस्तीतल्या विहारात गेल्या वर्षभरात आम्ही जे करून पाहिले ते सांगतो. यात खर्च जवळपास नाही.

जूनमध्ये मुले नवीन असतात, रडतात. तेव्हा विहाराची फरशी आणि रंगीत खडू एवढेच द्यायचे. मोठ्या फरशीवर मोठा हात फिरू द्यायचा, कोणताही आकार सांगायचा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस आणि माती. शेतातली चिकणमाती आणून मळायची. पोळ्याला तिचे बैल होतात, पण कोणाचा बैल झाला नाही आणि साप झाला तर तो सापच राहू द्यायचा. सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे वर्षावासाचा शेवट आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन. पिंपळपाने गोळा करायची, काही पाण्यात भिजवून त्यांची जाळी करायची, काहींना रंग लावून कागदावर ठसे घ्यायचे. दिवाळीनंतर भाजीबाजार. भेंडी आडवी कापली की चांदणीचा ठसा उमटतो, कांदा कापला की एकात एक वर्तुळे. लासलगावच्या जिल्ह्यात कांद्याला काय तोटा! एका मुलीने कांद्याचा ठसा पाहून म्हटले, "हे तर डोहात दगड टाकल्यावानी दिसतंय." तिला हे कोणी शिकवले नव्हते.

३ जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती. त्या महिन्यात जुनी वर्तमानपत्रे फाडून गव्हाच्या पिठाच्या खळीने चिकटवायची आणि आपली आई, आपली आजी करायची. फेब्रुवारीत पळस फुलतो. फुले पाण्यात भिजवली की केशरी रंग मिळतो, हळदीचा पिवळा, गेरूचा तांबडा, कोळशाचा काळा. कडुनिंबाची काडी चावून टोक मऊ केले की कुंचला तयार. २ मार्च हा काळाराम मंदिर सत्याग्रहाचा दिवस. १९३० साली बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाडांच्या खांद्यावर उभा राहिलेला हा लढा याच शहरात झाला. त्या दिवशी आजोबा-आजी मुलांना गोष्ट सांगतात आणि मुले त्यांना हवे ते काढतात. एकाने नुसतेच बंद दार काढले. मार्चमध्ये ऊन चढण्याआधी त्रिरश्मी लेणीची सहल. चोवीस लेण्यांतले हत्ती, घोडे, सिंह मुले बोटाने हवेत गिरवतात. तिथल्या १८ क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर धंभिका गावाने दिलेल्या दानाचा लेख कोरलेला आहे. दोन हजार वर्षांपूर्वी एक अख्खे गाव कलेसाठी दान देते, आणि आम्हाला मेणखडूच्या डबीला महाग म्हणावेसे वाटते! एप्रिलमध्ये, फुले आणि आंबेडकर जयंतीच्या आठवड्यात, वर्षभरातली चित्रे विहारात मुलांच्या उंचीला लावायची. क्रमांक नाही, बक्षीस नाही. प्रत्येकाने आपल्या चित्राविषयी बोलायचे आणि मोठ्यांनी गप्प बसून ऐकायचे.

हे सांगताना आमची चूकही कबूल केली पाहिजे. पहिल्या वर्षी आम्ही जयंतीला बालगटाची चित्रकला स्पर्धा ठेवली होती. बाबासाहेबांचे छापील चित्र दिले आणि जो स्वच्छ रंगवेल त्याला बक्षीस. बक्षीस मिळालेले चित्र आईने रंगवलेले होते, आणि ज्या मुलीने कोटाला हिरवा रंग दिला तिला आमच्याच एका कार्यकर्त्याने रागावून रडवले. मी तिथे होतो आणि काही बोललो नाही. मग त्या लाल फुलीत आणि आमच्यात फरक काय राहिला? साचा आपल्या महापुरुषाचा असला तरी साचाच असतो. स्वतः विचार करून, पारखून मग स्वीकारा अशी तथागतांची शिकवण. ती सांगणाऱ्यांनी निदान हिरवा कोट तरी सहन करायला शिकले पाहिजे.

बाबासाहेबांचे बालपण आठवा. साताऱ्याच्या शाळेत बसायला घरून आणलेले गोणपाट. पुढे मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये शिक्षकांनी फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तर फळ्यामागचे डबे बाटतील म्हणून सवर्ण मुले ते उचलायला धावली. ज्या हातात खडू असणे हाच विटाळ मानला गेला, त्या हाताने पुढे देशाचे संविधान घडवले. आणि तोच माणूस उतारवयात, कामाच्या डोंगराखाली असताना, कुंचला हाती घेऊन चित्रकला शिकला, व्हायोलिन शिकला. कला ही पोट भरलेल्यांची चैन आहे असे त्यांनी मानले नाही. मग आपण आपल्या मुलांच्या बाबतीत तसे का मानावे? आपल्या चळवळीने महाविद्यालये काढली, वसतिगृहे काढली, त्यातून पिढ्या घडल्या. पण तीन ते सहा वर्षांचे मूल आपल्या अजेंड्यावर आलेच नाही.

ते आणायचे असेल तर तीन कामे लगेच करता येतात. पहिले, सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात म्हटले होते की ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्यावे असेही त्यात होते. आपल्या वस्तीतली मुले मोजा आणि त्या आदेशाचा हवाला देऊन लेखी अर्ज करा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. दुसरे, अंगणवाडी आहे तिथे खडू, रंग, माती, कागद येतात की नाही, आले तर कपाटात राहतात की मुलांच्या हाती पडतात, ते जाऊन पाहा. पण जाब सेविकेला नव्हे, वरच्यांना विचारा. सेविका-मदतनीस भगिनींची ग्रॅच्युइटी सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ च्या निकालात मान्य केली, तरीही मानधनासाठी महाराष्ट्रातल्या सेविकांना डिसेंबर २०२३ मध्ये संपावर जावे लागले. रजिस्टर भरण्यात जिचा दिवस जातो, तिने मातीचे बैल कधी करायचे? त्यांच्या लढ्यात उभे राहणे हेही बालशिक्षणाचेच काम आहे. तिसरे, विहाराचे कुलूप रोज सकाळी दोन तास उघडा. वस्तीतली शिकलेली एखादी लेक, दोन आज्या आणि एक पोते खडू, एवढ्यावर सुरुवात होते.

त्या पाच वर्षांच्या मुलाचे चित्र मी त्याच्या आईकडून मागून घेतले. आज ते विहाराच्या भिंतीवर आहे, लाल फुलीसकट. परवा तो त्याच्यासमोर उभा राहून दुसऱ्या मुलाला सांगत होता, "हे माझं घर. इथं तीन भांडी ठेवली होती. आता चार लागतात." चौथे भांडे काढायला त्याने माझ्याकडे खडू मागितला. मी दिला.

जयभीम.